उसनी गिटार

इसाफ्योर्दुर, आइसलंड
३ नोव्हेंबर २०१६

श्री. एन. ऑम्बलर यांस,

आपली ओळख नाही. हे पत्र तुमच्या हाती पडेल की नाही, तेही मला ठाऊक नाही. माझ्याकडे असलेला तुमचा पत्ता फार जुना आहे आणि तो एका गिटारच्या पोटात कोरलेला आहे.

आमच्याकडे एक लाल इलेक्ट्रिक गिटार बरीच वर्षं आहे. एका इंग्लिश खलाशाने ती इथे ठेवली होती. माझा नवरा ह्याल्टी तिची निगा राखायचा. तो गेल्या वर्षी वारला. मागच्या आठवड्यात मी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली, तेव्हा त्याने मागची झाकणी उघडली. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं होतं : ‘एन. ऑम्बलर, हेसल रोड, हल. हात लावाल तर याद राखा.’

हात लावल्याबद्दल क्षमा असावी. हे पत्र मी तुमच्या शहरातल्या दर्यावर्दींच्या चर्चकडे पाठवते आहे. तुम्ही हयात असाल आणि गिटार तुमची असेल तर कळवा. मी ती पाठवून देईन.

आस्दिस थोरलेइफ्सदोत्तिर

---

हल
२० नोव्हेंबर २०१६

आस्दिसबाई,

तुमचं पत्र पाद्रीबाईंनी स्वतः आणून दिलं. दारातच उघडलं आणि पायरीवरच बसलो. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, “मिस्टर ऑम्बलर, पाणी आणू का?” मी म्हटलं, “नको, पाण्यातूनच आलंय ते.” काय बोललो ते त्यांना कळलं नाही. मलाही नंतरच कळलं.

आधी एक विचारतो, रागावू नका. त्या गिटारला चार बटणं आहेत. त्यातलं एक बाकीच्यांसारखं नाही. कसं आहे ते कळवा. तुमच्यावर अविश्वास नाही, पण म्हाताऱ्या माणसाच्या काळजाला असे धक्के सोसत नाहीत. खात्री झालेली बरी.

आता माझं सांगतो. ती गिटार माझी. एकोणीस वर्षांचा होतो, शनिवारी आमच्या गल्लीतल्या क्लबात वाजवायचो. थोरला भाऊ गॉर्डन ‘स्किडबी’ नावाच्या मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. आमच्याकडे बोट सुटायच्या दिवशी बायका कपडे धूत नाहीत, नाहीतर माणूस वाहून जातो म्हणतात. धक्क्यावर जाऊन हात हलवायचा नाही, निरोप घ्यायचा नाही. हे सगळ्या हेसल रोडचं. पण आमच्या आईचा आणखी एक नियम होता, तो फक्त आमच्या घरचा. निघणाऱ्याने घरातून काहीतरी उसनं न्यायचं. उसनं नेलं की परत करायला यावंच लागतं. दारात ती विचारायची, “परत कधी देणार?” आणि जाणाऱ्याने म्हणायचं, “आल्यावर.” झालं, एवढाच निरोप. बाबा दर खेपेला चहाचा चमचा न्यायचे. ते शेवटी वारले ते घरीच, स्वतःच्या पलंगावर, आणि तेव्हा खिशात चमचा नव्हता. त्यामुळे आईचा नियम आमच्या घरी दगडावरची रेघ झाला होता.

गॉर्डन कधी माझा कंगवा न्यायचा, कधी पट्टा. १९६५च्या जानेवारीत म्हणाला, “नेव्ह, या खेपेला गिटार नेतो.” मी कुरकुर केली. तो म्हणाला, “जेवढं मोठं उसनं, तेवढं येणं पक्कं.” दिली. ‘स्किडबी’ आली नाही. बोटीवर बर्फ चढलं आणि ती उलटली, असं सांगितलं. कुणीच सापडलं नाही.

आईने अन्न सोडलं होतं. तेव्हा आमची डोरीन, म्हणजे आम्हा दोघांची मोठी बहीण, तिला म्हणाली, “आई, तो एकटा नाही गं. नेव्हची गिटार आहे त्याच्याजवळ.” त्या वाक्यावर आई आणखी वीस वर्षं जगली. डोरीन अजून त्याच्यावरच जगते. ती माझ्याजवळच असते. डोळे गेलेत, पत्रं मीच वाचून दाखवतो. वारा सुटला की म्हणते, “वाजवत असेल बघ, बेसूर.”

तेव्हा मला सांगा, गिटार जमिनीवर कशी? डोरीनला मी एवढंच म्हटलंय की आइसलंडची एक बाई जुन्या बोटींची माहिती गोळा करते.

नेव्हिल ऑम्बलर

---

इसाफ्योर्दुर
५ डिसेंबर २०१६

नेव्हिल,

आमच्याकडे सगळ्यांनाच पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणून तसं लिहिते.

तीन बटणं काळी आहेत. चौथं पांढरं, जरा मोठं, कडेला आकडे असलेलं. रेडिओचं असावं.

‘स्किडबी’ वादळामुळे आमच्या खाडीत आसऱ्याला आली होती. इथे असं नेहमी व्हायचं. तुमचे खलाशी उतरायचे, बेकरीत रांग लावायचे, पोरींकडे बघायचे. तेव्हा गावच्या सभागृहात नाच होता. तुमचा भाऊ गिटार घेऊन आला आणि आमच्या पोरांबरोबर वाजवू लागला. मग बोटीचा भोंगा झाला. सगळे पळाले. गिटार विसरून राहिली.

तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. तिला सांगू नये, असं मला वाटतं. गिटार कुठे पाठवू ते कळवा.

आस्दिस

---

हल
२८ डिसेंबर २०१६

आस्दिसबाई,

रेडिओचंच बटण. आईच्या रेडिओचं मी काढलं होतं. ती पक्कडीने बातम्या लावायची आणि दर वेळी माझा उद्धार करायची. म्हणजे गिटार आमचीच, शंका उरली नाही.

पण इथे वाईट झालंय. तुमचं दुसरं पत्र आलं तसं मी डोरीनला चार ओळी वाचून दाखवल्या. हवामान, बोटी, नमस्कार. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली,

“पाकीट जाड होतं का रे?”

“मध्यम.”

“मी आंधळी आहे नेव्ह, बहिरी नाही. कागद उलटल्याचा आवाज आला मला. पानं दोन, आणि वाचलंस काय, तर तिकडे थंडी आहे. आइसलंडात थंडी आहे हे सांगायला बाईने तिकीट लावलं का?”

“डोरीन, जाऊ दे.”

“तू बस चालवायचास तेव्हाही असाच होतास. उशीर झाला की रस्त्यात गाय होती म्हणायचास. हलमध्ये गाय. वाच आता नीट.”

वाचलं. पहिलंही वाचलं. शेवटी एवढंच म्हणाली, “म्हणजे काहीच नव्हतं त्याच्याजवळ.” आणि खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

नाताळाचं ताट तसंच परत गेलं. शेजारची पॉलीन पुडिंग घेऊन आली, तेही तसंच. मी रागावून बोललो, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही. काल म्हणाली, “आईला मी खोटं सांगितलं मग. वीस वर्षं खोट्यावर जगवली तिला.” आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

आणि एक गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नाही. तुम्ही लिहिता, विसरून राहिली. आमचा गॉर्डन विसराळू होता, कबूल. एकदा एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून बोटीवर गेला होता. पण उसनी वस्तू तो विसरणार नाही. दारात आईला “आल्यावर” म्हणून गेलेला माणूस ती वस्तू नाचघरात टाकून पळेल? नाही पटत.

तुम्ही काही झाकत असाल तर मी समजू शकतो. मीही डोरीनपाशी झाकलंच होतं. पण झाकून माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे. तिने पुन्हा जेवावं एवढंच मला हवंय. खरं असेल ते लिहा, कसंही असो.

नेव्हिल

---

इसाफ्योर्दुर
१५ जानेवारी २०१७

नेव्हिल,

हे पत्र डोरीनला पूर्ण वाचून दाखवा. एकही ओळ गाळू नका.

गॉर्डन विसरला नाही. त्याने गिटार माझ्या हातात दिली.

मी तेव्हा मासळीच्या शेडमध्ये कामाला होते. बोट अडकून पडली तेवढे दिवस तो रोज दुपारी आमच्या घरी यायचा, वडिलांना जाळी शिवायला मदत करतो म्हणून. जाळी तो वाईट शिवायचा. वडील नंतर सगळं उसवायचे आणि मला म्हणायचे, “हा पोरगा जाळ्यासाठी येत नाही.” मला तेव्हा तुमच्या भाषेतले पन्नास शब्दच यायचे, त्यातले निम्मे माशांचे. तरी हातवारे करून आम्ही खूप बोललो.

निघायच्या दिवशी तो गिटार घेऊन दाराशी आला. म्हणाला, “बोटीत खारी ओल आहे, हिचा दांडा वाकायला लागलाय. ही नेव्हची आहे, अशी परत दिली तर तो माझी सालटी काढेल. तुझ्या घरात कोरडं आहे. मासळी भरली की याच वाटेने परतणार, तेव्हा घेईन.” मग त्याने मला तुमच्या आईचा नियम सांगितला. म्हणाला, “घरचं उसनं इथे ठेवतोय, तेव्हा आता इथलं काहीतरी उसनं नेलं पाहिजे. काहीही दे.”

मी वडिलांसाठी हातमोज्यांचा जोड विणला होता. आमच्या कोळ्यांच्या मोज्यांना दोन दोन अंगठे असतात. एक बाजू दोरीने झिजली की मोजा फिरवून दुसऱ्या बाजूने घालायचा. त्यातला एक मी त्याला दिला. दोन्ही दिले असते तर तो आरामात घालून बसला असता. एकटा मोजा कुणाच्याच कामाचा नसतो, म्हणून एकच दिला. मग त्याने मला ते वाक्य शिकवलं आणि म्हणायला लावलं. मी म्हटलं, “परत कधी देणार?” तो म्हणाला, “आल्यावर.” मोजा तिथेच हातात चढवला आणि धक्क्याकडे गेला. माझ्या समोर त्याने तो काढला नाही.

तेव्हा डोरीनला सांगा, त्याच्याजवळ काहीच नव्हतं असं नाही.

दोन वर्षांनी मी ग्रिम्सबीला मासळीच्या कारखान्यात कामाला आले होते. नदी ओलांडली की हल. मी ओलांडली नाही. गिटार घरात होती तोवर ती न्यायला कुणीतरी येणार होतं. परत केली असती तर कुणीच येणार नव्हतं. ह्याल्टीला सगळं माहीत होतं. त्याने ती कधी वाजवली नाही. दर शरदात तारा सैल करायचा, दांडा वाकू नये म्हणून, आणि वसंतात पुन्हा ताणायचा. न बोलता. चांगला माणूस होता.

गिटार आज बोटीने पाठवली आहे. पेटीत दुसरा मोजा ठेवला आहे. तो डोरीनसाठी.

आस्दिस

---

हल
२६ फेब्रुवारी २०१७

आस्दिस,

‘बाई’ सोडून देतो आता. डोरीन म्हणते, “अरे, ती आपली वहिनीच झाली असती, तिला कसली बाई म्हणतोस?”

पेटी पोचली. तुमचं पत्र आधीच वाचून दाखवलं होतं, पूर्ण, एक ओळ न गाळता. संध्याकाळी डोरीन म्हणाली, “सूप आहे का काही?” मी स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ उभा राहिलो, मग गरम केलं.

मोजा तिच्या मांडीवर ठेवला. तिने बोटं फिरवली, हात घातला, थांबली.

“नेव्ह, याला दोन अंगठे आहेत.”

“पत्रात होतं की ते.”

“ऐकणं वेगळं. आता या दुसऱ्या अंगठ्यात मी काय घालू?” मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे तो गेला तेव्हा हात गरम होता त्याचा. निदान एक.” आणि रडली. बावन्न वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आईपुढे ती रडली नाही, नंतर जमलंच नाही वाटतं.

पॉलीन म्हणाली, “लोकरीला मासळीचा वास येतोय, धुऊन देते.” डोरीनने मोजा छातीशी धरला. “आज कुठली ना कुठली बोट सुटत असेल,” म्हणाली. पॉलीन बिचारी वॉशिंग मशीनचं झाकण उघडं टाकून घरी गेली.

गिटारचं काय सांगू? दांडा सरळसोट आहे. ह्याल्टीला माझा नमस्कार सांगता आला असता तर बरं झालं असतं. मी उचलली तर बोटांना जागा आठवत होत्या, पण सांधे ऐकत नाहीत. तीन सूर लागले. डोरीन म्हणाली, “गॉर्डनला दोनच यायचे.”

पुढच्या आठवड्यात तिला हॉस्पिटलात न्यायचंय. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात धोका आहे, न केलं तर जास्त आहे. तिने मोजा बरोबर न्यायचं ठरवलंय. म्हणते, “माझा कुठे आहे तो? आस्दिसचा आहे. उसना आहे. मग येणं आलंच.”

तुमचा,
नेव्हिल

---

इसाफ्योर्दुर
३० मार्च २०१७

नेव्हिल,

तुमचं पत्र नाही. आमच्या गावात बोटीची बातमी आली नाही की कुणी विचारत नाही, वाईट निरोप आणणारा दिसू नये म्हणून सगळे खिडकीपासून लांब बसतात. मी बसू शकले नाही म्हणून विचारते.

आस्दिस

---

हल
१९ एप्रिल २०१७

आस्दिस,

लिहायला बसायचो आणि पेन खाली ठेवायचो.

डोरीन गेली. ऑपरेशन नीट झालं, दोन दिवस बोलली-चालली, नर्सला म्हणाली, “पोरी, तुझे हात थंड आहेत, माझ्याकडे उपाय आहे पण देणार नाही.” तिसऱ्या दिवशी सकाळी मी बसने निघालो होतो, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ऑपरेशनला आत नेताना मी तिला विचारलं होतं, “परत कधी देणार?” आईचंच वाक्य. आमच्याकडे ते बायकांनी विचारायचं असतं, पण विचारायला दुसरं कोण होतं? ती म्हणाली, “आल्यावर.” आणि त्या खोलीतून आली की परत. तेव्हा नियम पाळला गेला असं धरायचं का, ते मला कळत नाही. मी रोज उलटसुलट करून बघतो.

आता एक सांगायचंय. तिच्या वस्तू मला एका पिशवीत घालून दिल्या. काळा चष्मा, कवळी, मोजा. मोजा तुमचा. तो धुऊन, नाही, न धुता, तुम्हाला पाठवायला हवा होता. शेवटी शवपेटी बंद करायच्या आधी मी तो तिच्या हातात चढवला. तुमची परवानगी घेतली नाही. तुमच्याकडून उसनी नेलेली वस्तू आमच्या माणसाने परत केली नाही, अशी ही दुसरी वेळ. आई असती तर काय म्हणाली असती कोण जाणे.

अंत्यविधीच्या वेळी गिटार वाजवावी असं मनात होतं. झालं नाही. भिंतीला टेकून ठेवलीय. घर शांत आहे. वारा सुटला की मी चटकन मान वळवतो, ती काहीतरी बोलेल म्हणून.

नेव्हिल

---

इसाफ्योर्दुर
११ मे २०१७

नेव्हिल,

मोज्याबद्दल एक शब्दही लिहू नका. एकटा मोजा इतकी वर्षं माझ्या कपाटात होता. एक त्याच्या हातात, एक तिच्या. जोड त्यांच्या घरी गेला. मला बरं वाटलं, आणि मी खूप रडले. दोन्ही खरं आहे.

आमच्याकडे आता बर्फ उतरलंय. सभागृह अजून आहे, छत नवं केलंय. खाडीच्या तोंडाशी, ‘स्किडबी’ गेली त्या बाजूला तोंड करून, एक बाक आहे. ह्याल्टीने केला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

जूनमध्ये या. गिटार घेऊन या. ती मी इतकी वर्षं सांभाळली, पण गॉर्डन गेल्यानंतर तिचा आवाज ऐकलेला नाही. तीन सूर चालतील. त्या बाकावर बसून वाजवा. मग मी तुम्हाला ताज्या मासळीचं कालवण करून घालीन, आणि तुम्ही घरी जा.

मोज्यांच्या नव्या जोडाचे टाके घातले आहेत. पण तो तुम्हाला उसना मिळणार नाही. दोन्ही घेऊन जायचे, कायमचे.

आस्दिस

---

हल
१२ जून २०१७

आस्दिस,

उद्या सकाळी निघतोय. हे पत्र माझ्या मागून पोचेल, तरी लिहितो. तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

सामान भरलं. गिटार पेटीत ठेवली. तारा सैल केल्या, ह्याल्टीसारख्या. आज दुपारी सगळं दाराशी लावून पाहिलं आणि उंबऱ्यात उभा राहिलो, तर पाय निघेना. ही गिटार माझी. बॅग माझी. कोट माझा. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडणार, आणि घरातून उसनं द्यायला कुणीच उरलेलं नाही.

हसू नका. एक्काहत्तर वर्षांचा माणूस, पण नियम तो नियम. पॉलीनचं दार ठोठावलं.

“पॉलीन, चहाचा एक चमचा देतेस?”

“साखर संपली का?”

“नाही. नुसता चमचा.”

“डोरीन गेल्यापासून तुझं काही खरं नाही नेव्ह. जेवलास का?”

“जेवलो. चमचा दे.”

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेली, चमचा घेऊन आली. मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बाबा ठेवायचे त्याच खिशात. पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात तिने मागून विचारलं,

“आणि परत कधी देणार? सहाचा जोड आहे माझा, मोडू नको.”

मी कठडा धरला. ती आपली रोजच्यासारखी विचारत होती, हात कमरेवर, अंगावर एप्रन. तिला काय माहीत.

“आल्यावर,” म्हटलं.

नेव्हिल